मागितल्याशिवाय रस्सा नाही

पहिल्या संध्याकाळी मी पाहुण्यांमध्ये उभी होते. जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला काकांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि बोटाने मोजलं. पाच पाहुणे आणि सहावी मी. काका आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. तो त्यांनी दोनदा वाजवला आणि म्हणाले, "डबल बेल झाली. आता मधात कोणी उतराचं नाई."

वाघ बघायला येणारे लोक एक संध्याकाळ चंद्रपुरात काढतात. शहराबाहेरच्या एका लॉजने त्यांच्यासाठी ही फेरी सुरू केली होती: दोन तास पायी, पाच ठिकाणी खाणं, सोबत काका. आता काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि लॉजच्या मालकीणबाईंना त्यांच्या जागी कोणीतरी हवं होतं. माझं इंग्रजी ऐकून त्यांनी मला बोलावलं. अट साधी होती. हा शनिवार बघायचा, पुढच्या शनिवारी मी एकटीने पाहुणे फिरवायचे. छापलेल्या कागदावरची पाचही ठिकाणं नीट झाली, तर काम माझं.

नाही झालं तर पुणं होतंच. दोन वर्षं मी तिथल्या एका कंपनीत काढली होती. दिवसभर कानाला हेडफोन, रात्री तीन मुलींच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचं. सुट्टी घेऊन घरी आले होते आणि परत येणार की नाही, हे त्यांना महिनाअखेरीला कळवायचं होतं. मला जायचं नव्हतं. त्या दिवसांत माझ्याबद्दल एवढीच एक गोष्ट मला पक्की माहीत होती.

अडचण अशी होती की जे शहर मी लोकांना दाखवणार होते, त्यात मी कधी काही खाल्लंच नव्हतं. आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो. कॉलनीला फाटक, फाटकातून शाळेची बस, बसमधून शाळा. शाळेत मराठीत बोललं की तासभर उभं करायचे. गाड्यावरचं खायचं नाही हा आईचा नियम होता आणि मी नियम पाळणारी मुलगी होते. जटपुरा गेट मी हजार वेळा पाहिलं असेल, पण बसच्या खिडकीतून.

पहिला गाडा आलूबोंड्याचा. गाडेवाल्या भाऊंनी बोंडा हाताने फोडला, त्यावर तर्री ओतली, वर कांदा टाकला आणि प्लेट माझ्या हातात दिली. मी कोपऱ्यात जाऊन खाल्लं. जीभ भाजली, पण चव अशी होती की दुसऱ्या घासाला मी बाकीचे पाहुणे विसरले. प्लेट स्वच्छ केली, टोपलीत टाकली आणि जाताना भाऊंना हळूच "थँक्यू" म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, माझाच भास असेल. पण ते काकांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या या पोट्टीले जमलं नाई वाटते आमचं."

"आवडलं नाही काय गं?" काकांनी विचारलं.

"खूप आवडलं."

"मग तर्री काऊन नाई मांगतली?"

मला प्रश्नच कळला नाही. प्लेटीत होती तेवढी मी खाल्ली होती. काकांनी चालता चालता समजावलं. आपल्याकडे गाड्यावर तर्री, रस्सा पाहिजे तितका मिळतो, पण गाडेवाला स्वतःहून वाढत नाही. खाणाऱ्याने प्लेट पुढे करायची आणि मागायचं. मागितलं म्हणजे आवडलं. एकदाही न मागता प्लेट टाकून दिली, तर गाडेवाला समजतो की याने नुसतं संपवलं. "आणि वरून थँक्यू म्हटलं म्हणजे," काका म्हणाले, "हात जोडले, आता येणं नाई, असं झालं ते."

मला आमची आरमोरीची मावशी आठवली. तिच्या घरी पानावर नको म्हटलं तरी वाढतात, दोनदा नको म्हटलं तर जास्त वाढतात. लहानपणी मी खरंच नको म्हणायचे आणि ती रुसायची. शाळेत शिकवलं होतं, दुसऱ्यांदा मागणं वाईट दिसतं. म्हणजे घरी नको म्हणायचं ते हो म्हणून, आणि गाड्यावर तोंडाने मागायचं. मला दोन्ही येत नव्हतं. इतकी वर्षं मी दोन्हीकडे अर्धपोटी उठले असणार.

पुढे गुपचुप, म्हणजे पाणीपुरी झाली, मुरमुऱ्याची भेळ झाली, जिलेबी झाली. गुपचुपवाल्याकडे बाकीचे पाहुणे आणखी पाणी मागत होते आणि मी मनात वाक्य जुळवत होते. वाक्य जुळलं तेव्हा सगळे पुढे गेले होते.

पाचवं ठिकाण रामाळा तलावाच्या बाजूला होतं. कागदावर छापलं होतं, 'बोडीतली मासोळी, भात आणि रस्सा'. तिथे पोहोचायच्या आधी काकांनी चिमटा एकदाच वाजवला, म्हणजे थांबा, आणि आम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेलं. तिथल्या दुकानात सोडा पाजला आणि फेरी संपली म्हणून सांगितलं. अलीकडच्या बाजूला एक म्हातारी बाई ठोकळ्यावर बसून बोटाएवढी मासोळी तळत होती. तिने काकांना पाहिलं आणि चुलीसकट पाठ फिरवल्यासारखी वळून बसली.

पाहुणे गेल्यावर मी काकांना विचारलं. ते गुडघा चोळत सांगू लागले. महिन्याभरापूर्वी त्यांनी एक टोळी तिच्याकडे नेली होती. सात जणांनी मासोळीचे फोटो काढले, दोन दोन घास खाल्ले, कोणी रस्सा मागितला नाही, अर्धे द्रोण तसेच ठेवले आणि सातही जण गोड हसून थँक्यू म्हणून गेले. तिने काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुमचे पाहुणे माझ्याकडे आणायचे नाहीत. काका चार वेळा जाऊन आले. तिने भात वाढला, उत्तर दिलं नाही.

"मालकीणबाईंना माहीत आहे?"

"कागद छापून झाला आहे," काका म्हणाले. "पाहुणे मासोळीचं विचारतात. मी सोडा पाजतो. तुले असं चालाचं नाई, तुही परीक्षा आहे."

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

सोमवारी मी एकटी गेले. घरी सांगितलं, फिरायला जाते. बाईंच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आंटी, एक प्लेट."

"आंटी असतीन तुह्या कॉलनीत," त्या म्हणाल्या. मान वरही केली नाही. "इथी सारे बाई म्हणतेत."

पळसाच्या द्रोणात भात, त्यावर लालभडक रस्सा, वर दोन तळलेल्या मासोळ्या. नागभीडकडच्या त्यांच्या गावात धानाच्या बांध्यांच्या वर छोटं तळं आहे, त्याला बोडी म्हणतात. मासोळी तिथली, त्यांचा मुलगा पहाटे जाळं टाकतो आणि पहिल्या गाडीने पाठवतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी खाल्लं, द्रोणात डोकं घालून, आणि मागायची वेळ आली तेव्हा न मागताच टोपली शोधू लागले. द्रोण टाकला. निदान थँक्यू म्हटलं नाही.

मंगळवारी मी आंघोळ करताना वाक्य पाठ केलं. 'बाई, थोडा रस्सा वाढता का?' मोठ्याने म्हणून पाहिलं. बाहेरून आईने विचारलं, "कोणाशी बोलतेस?" संध्याकाळी गाड्यावर दोन रिक्षावाले खात होते. त्यांच्या हातातले द्रोण आपोआप पुढे जात होते. "रस्सा टाका बाई", "अजून टाका न वो बाई, हात काऊन आखडून राह्यल्या?" बाई शिव्या देत ओतत होत्या. "बायकोले सांग हात सैल ठेवाले, माह्यावर काऊन ओरडतं?" तिघेही हसत होते. मला दिसत होतं की ही सगळी देवाणघेवाण जेवणाचाच भाग आहे. मी भात खात होते आणि जेवण माझ्या बाजूला चाललं होतं. रिक्षावाले गेले. मी उभी राहिले. माझ्या तोंडून निघालं, "एक्सक्यूज मी."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "काय पाह्यजे वो? कालपासून पोलिसावानी उभी राहून राह्यली."

"काही नाही," मी म्हटलं आणि घरी आले.

त्या रात्री मला रडू आलं नाही, राग आला. पुण्यात मी परक्या देशातल्या लोकांशी दिवसाला साठ वेळा बोलत होते. कारण वाक्य समोर लिहिलेलं असायचं आणि त्यात माझं काही नसायचं. इथे चार शब्द होते आणि ते माझेच मला म्हणता येत नव्हते. मी ठरवलं, द्रोण पुढे केल्याशिवाय शनिवार उजाडू द्यायचा नाही. बुधवारी गाडा लागलाच नाही. बाईंच्या गावात कोणाचं तेरावं होतं. एक दिवस गेला.

गुरुवारी रस्सा नेहमीपेक्षा जहाल होता. नवी भिवापुरी मिरची, बाई कोणाला तरी सांगत होत्या. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, ठसका लागला. मी हात हलवत म्हटलं, "बाई, पाणी! पाणी द्या!"

त्यांनी लोटा पुढे केला. मी पाणी प्यायले, तोवर त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आँ," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुकी नाई तू. पाणी मांगता येते. रस्सा मांगता येत नाई."

आजूबाजूला दोघे-तिघे खात होते. ते थांबले. माझे कान तापले. ही वेळ गेली तर शनिवारी मी पाहुण्यांना रस्त्याच्या पलीकडे सोडा पाजणार, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की पाठ केलेलं वाक्य डोक्यातून पुसलंच गेलं. मी द्रोण पुढे धरला.

"रस्सा टाका बाई."

"तिखट लागून राह्यला ना तुले?"

"लागून राह्यला. टाका."

त्यांनी पळी भरून ओतला. भात दिसेनासा झाला. "खाय," त्या म्हणाल्या. "किती दिवसाची भुकेली आहेस कोण जाणे."

मी सगळं खाल्लं. पुन्हा द्रोण पुढे केला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी न मागता एक मासोळी वर ठेवली आणि दुसरीकडे बघू लागल्या. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं: काकांचा गुडघा, लॉज, शनिवार, पुणं. त्या भांडी विसळत ऐकत होत्या.

"तुह्यासारखेच मुके आणशील," त्या म्हणाल्या.

"आणीन. पण ते मागतील."

"तू मांगशील त्याईच्यासाठी. भाऊनं बी तेच केलं होतं. साताईच्या नावानं एकटा मांगून राह्यला होता, म्हातारा." त्यांनी पातेलं उपडं घातलं. "हे पाय पोरी. त्याईनं आपल्या तोंडानं मांगतलं पाह्यजे. तुवं त्याईच्यासाठी मांगाचं नाई, त्याईले मांगा म्हणून ढोसाचं बी नाई. एक जण बी मांगला तर मी दर शनिवारी वाढीन. नाई मांगला तर तू बी त्या सोडेवाल्याकडं जाय."

"ठीक आहे," मी म्हटलं.

"ठीक आहे म्हणते! घाबरून राह्यली अन ठीक आहे म्हणते."

शनिवारी चार पाहुणे होते, मुंबईकडची दोन जोडपी. एक साठीचं, गप्पिष्ट. दुसरं माझ्याहून थोडं मोठं. त्यातला नवरा मोकळा, मोठ्या आवाजाचा, आणि बायको त्याच्या अर्धं पाऊल मागे. मी तिला पाहिलं आणि ओळखलं. ओळख नव्हती, पण पर्स दोन्ही हातांनी धरायची ती पद्धत मला माहीत होती.

काका आले होते. काठी टेकत सोडावाल्याच्या बाकावर जाऊन बसणार होते, तिथून बघणार होते. चिमटा त्यांनी मला दिला नाही. "पयले पास हो," म्हणाले.

आलूबोंड्याच्या गाड्यापाशी मी पाहुण्यांना थांबवलं आणि तर्रीची गोष्ट सांगितली. आवाज इतका बारीक निघाला की साठीच्या आजोबांनी कानाला हात लावला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितली, मोठ्याने. त्यांना मजा वाटली. आजोबांनी लगेच प्लेट पुढे केली, त्यांच्या बायकोनेही. तरुण नवऱ्याने स्वतःची केली आणि मग बायकोची तिच्या हातातून घेऊन तीही पुढे केली. "हिलाही द्या भाऊ." भाऊंनी दिली. मला म्हणाले, "आज तुम्ही बी घ्या ना मॅडम." मी प्लेट पुढे केली आणि म्हटलं, "कांदा बी टाका." ते हसले.

गुपचुपवाल्याकडे तेच. जिलेबीवाल्याकडे तेच. तिच्यासाठी तो मागत होता. प्रेमानेच मागत होता, त्यात वाईट काही नव्हतं. ती प्रत्येक वेळी तोंड उघडायची आणि तोवर प्लेट भरलेली असायची.

तलावापाशी पोहोचेपर्यंत सगळ्यांची पोटं भरली होती. ही माझी चूक होती. तीन ठिकाणी मी त्यांना मागायला लावलं आणि चौथ्या ठिकाणी त्यांनी स्वतःहून मागितलं. आता पाचव्या ठिकाणी कोणात जागा उरली नव्हती. रिक्षावाल्यांना हे कोणी सांगावं लागत नाही, ते उपाशी येतात. बाईंनी पाच द्रोण भरले. पलीकडे बाकावर काकांनी काठीवर हनुवटी टेकवली होती.

आजोबा दोन घास खाऊन थांबले. "अप्रतिम," ते म्हणाले, "पण आता अगदी गळ्याशी आलंय." त्यांच्या पत्नीने मासोळी खाल्ली, भात बाजूला सारला. तरुण नवऱ्याला मिरची लागली, तो पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला गेला. बाई पळी पातेल्यात फिरवत होत्या. ती फिरायची थांबली की संपलं, हे मला कळत होतं.

मला मागायला मनाई होती, पण फक्त दुसऱ्यांसाठी. मी माझा द्रोण पुढे केला. "रस्सा टाका बाई." पोट तट्ट झालं होतं. तरी खाल्लं. "बाई, अजून. हात काऊन आखडून राह्यल्या?"

रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "जीभ फुटली हिले," त्या म्हणाल्या आणि ओतलं. मी पाहुण्यांकडे बघितलं नाही. बघणं म्हणजे ढोसणंच झालं असतं. मी भाताकडे बघत खात राहिले. तिसऱ्यांदा मागावं लागलं तर मी मागणार होते. चौथ्यांदाही मागितलं असतं.

आजोबांनी द्रोण खाली ठेवला. "थँक..." त्यांनी सुरुवात केली.

"मला."

आवाज माझ्या डाव्या बाजूने आला होता. तिने पर्स काखेत दाबली होती आणि द्रोण दोन्ही हातांनी पुढे धरला होता. द्रोण रिकामा होता. सगळ्यात हळू खाणाऱ्या पाहुणीने सगळं संपवलं होतं आणि माझं लक्षच नव्हतं. नवरा बाटली घेऊन चार पावलांवर होता. तो म्हणाला, "हिला जरा..." तिने त्याच्याकडे न बघता मान हलवली, नाही म्हणून.

"मला रस्सा हवा आहे," ती बाईंना म्हणाली. "थोडा भात पण."

बाईंनी आधी भात घातला. मग पळी तळापर्यंत बुडवून रस्सा घेतला, वरचा पातळ नाही, खालचा दाट. वर मासोळी ठेवली, एक, आणि थांबून आणखी एक. "घे बाई," त्या तिला म्हणाल्या. आवाज असा, की मावशीच आपल्या घरी वाढते आहे.

मग माझ्याकडे बघितलं. "ही तुही बहीण दिसते."

"नाही हो बाई, पाहुणी आहे."

"मग पयल्याच दिवशी कशी मांगतली? तुले त चार दिवस लागले."

ती हसली. मीही हसले, आणि पोटात इतकं भरलं होतं की हसताना दुखलं. रस्त्याच्या पलीकडून चिमट्याचा आवाज आला, दोनदा. काका उठून उभे राहिले होते.

पाहुण्यांना गाडीत बसवून मी परत आले. बाई भांडी आवरत होत्या. काका त्यांच्याकडे बसून भात खात होते आणि त्या काकांना रस्सा वाढता वाढता गुडघ्याबद्दल चार गोष्टी सुनावत होत्या. मी लॉजच्या मालकीणबाईंना फोन करून सांगितलं की पाचही ठिकाणं झाली. पुण्याला पत्र रात्री लिहिणार होते. मनात ते लिहूनच झालं होतं.

"पुढल्या शनिवारी किती?" बाईंनी पाठमोरंच विचारलं.

"सहा," मी म्हटलं. "पण आता पहिलं तुमच्याकडेच आणते, उपाशी. रस्सा जास्त ठेवा."

"मले शिकवून राह्यली!" त्या काकांना म्हणाल्या. "पाह्यलं का भाऊ? दोन दिवसापयले पाणी मांगत होती."